माझी एकतिसावी पट्टी

मित्रांनो, या क्षणी माझ्या डोक्यावर घेवड्याचे चव्वेचाळीस डबे आहेत आणि त्यांच्यावर मक्याच्या पिठाची एक फुगलेली पिशवी. गेली कित्येक वर्षे मी टेबलाचे काम करते आहे, पण मी टेबल नाही. माझ्या पुढची फळी उचलून पाहण्याचे कष्ट कुणी घेतले, तर आत एकसष्ट पट्ट्या दिसतील, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या. मी पायपेटी आहे. खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबायच्या, म्हणजे माझा भाता चालतो. वर बोटे फिरली की मी गाऊ लागते. निदान एके काळी गात असे.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाचे लाकूड, मेंढीच्या कातड्याचा भाता आणि आत ओळीने बसवलेले पितळी सूर, म्हणजे वाऱ्याने थरथरणाऱ्या पातळ जिभा. माझे कोरीवकाम करणारा कारागीर दिवसभर तोंडात खिळे धरून काम करी, त्यामुळे तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. बोलका असता तर त्याने मला दोन गोष्टी सांगून ठेवल्या असत्या, असे मला पुढे फार वाटले.

कारखान्यातून मी आगगाडीने मोठ्या सरोवराकाठच्या डुलूथला आले, एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात. तिथे माझे भलतेच कौतुक झाले. माझ्यावर विणलेला रुमाल घातला, वर चिनी मातीचा कुत्रा बसवला. व्यापाऱ्याच्या दोन्ही मुली माझ्यावर धडे गिरवत. धाकटी अ‍ॅडलेड फार धसमुसळी. एके दिवशी तिची केसांतली पिन माझ्या आत पडली आणि ती काढण्याच्या खटपटीत डावीकडून एकतिसाव्या पट्टीचा सूर वाकला. तेव्हापासून ती पट्टी दाबली की नुसता वारा येतो. घरात कुणाला त्याचे फारसे वाटले नाही, कारण तोवर ग्रामोफोन आला होता. त्याला ना धडे लागत, ना पाय हलवावे लागत. मी आधी जिन्याखाली गेले आणि मग एका सकाळी घोड्याच्या गाडीत बसून बंदराजवळच्या मिशनला दान म्हणून गेले. घरातली अडगळ निघाली आणि पुण्यही पदरात पडले. व्यापाऱ्याने एका दगडात दोन पक्षी मारले.

मिशन म्हणजे एक लांबट दालन. पुढे चौथरा, त्यावर मी. समोर बाकांच्या रांगा, मागे एक शेगडी आणि माझ्या उजव्या हाताला स्वयंपाकघराचे दार. ते दार नीट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे दुःख त्या दारातून येत असे. दुःखाचा वासही सांगते : पिवळ्या वाटाण्याचे सूप, त्यात डुकराच्या मांसाचे दोन-चार तुकडे आणि सोबत राय धान्याचा काळा पाव.

मिशन चालवत ब्रदर एमॉस टिंकहॅम. उंच, वाळलेले, गळ्याचे हाड ठळक. माणूस सोन्यासारखा होता, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही त्यांना नावे ठेवाल. दारू पिऊन पडलेल्याला ते स्वतः न्हाऊ घालत. लिहिता न येणाऱ्याच्या आईला त्याच्या वतीने पत्र लिहीत. नुसते पोट भरून माणूस उभा राहत नाही, त्याला पाठीचा कणा द्यावा लागतो, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून त्यांनी भिंतीवर पाटी लावली होती, ‘आधी वचन, मग अन्न’. रोज दुपारी बाराला दार उघडे. आधी माझे गाणे, मग प्रवचन, मग साक्ष. साक्ष म्हणजे एकेकाने उभे राहून सांगायचे की देवाने मला कसे बदलले. साक्ष दिली की पत्र्याचा बिल्ला मिळे. बिल्ला दाखवला की आठवडाभर सूप. सोमवारी बिल्ले परत घेत आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे सुरू.

सूप करणाऱ्या आणि मला वाजवणाऱ्या सिस्टर थोरा एलिंगसन एकच. ठेंगण्या, लालबुंद गालांच्या, नॉर्वेहून लहानपणी आलेल्या. गाणे संपले की त्या स्वयंपाकघरात पळत, प्रवचन संपले की परत माझ्याकडे. ब्रदरचे प्रवचन लांबले की सूप खाली लागे आणि करपट वास दालनभर पसरे.

‘‘ब्रदर, आज मोझेसला वाळवंटातून जरा लवकर बाहेर काढा,’’ त्या दारातून डोके काढून म्हणत. ‘‘वाटाणे बुडाला चिकटलेत.’’

बाक हसत. मी मात्र हसत नसे. मित्रांनो, मला एकटे वाटे. साठ माणसे समोर बसलेली, पण एकाचेही डोळे माझ्याकडे नाहीत. सगळे त्या दाराकडे. मी जीव तोडून गाई आणि त्यांच्यासाठी मी म्हणजे सूप यायच्या आधीचा खोळंबा. मी त्या पातेल्याचा मनापासून हेवा केला. वाकड्या बुडाचे, काळे ठिक्कर पातेले, पण सगळे जग त्याच्यासाठी यायचे. एकतिसाव्या पट्टीवर दर गाण्यात एक खड्डा पडे, तोही कुणाच्या ध्यानात आला नाही.

साक्षींचे तर काय सांगू! टोबी क्रेन नावाचा एक टकला माणूस होता, एका हिवाळ्यात अकरा वेळा तारला गेला होता. दर सोमवारी तो ताजे अश्रू काढी.

‘‘काल रात्रीपर्यंत मी पापी होतो हो, ब्रदर!’’

‘‘आणि मागच्या सोमवारी?’’ मागून कुणीतरी विचारी.

‘‘तो सराव होता,’’ टोबी हळूच म्हणे आणि नाक पुसत बिल्ल्यासाठी हात पुढे करी.

ब्रदरना हे दिसत नव्हते का? दिसत असावे. पण दहा खोट्या साक्षींत एक खरी निघेल, या आशेवर ते बिल्ले वाटत राहिले.

त्या वर्षी हिवाळा फार कडक पडला. जंगलातली लाकूडतोडीची ठाणी बंद झाली, सरोवर गोठले, बंदरातल्या बोटी जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाक पुरेनासे झाले. जानेवारीत एक नवा माणूस येऊन अगदी शेवटच्या बाकावर शेगडीजवळ बसला. तौनो हाकाला. फिनलंडचा, पन्नाशीचा, खांद्यावर झाड पडल्यामुळे एका बाजूला कललेला. टोपी मांडीवर ठेवून तो बसे आणि माझ्याकडे बघे. हो, माझ्याकडे! दाराकडे नाही. गाणे संपले, प्रवचन झाले, साक्षी सुरू झाल्या की तो टोपी घालून उठे आणि निघून जाई. सुपाच्या आधी.

पहिल्या आठवड्यातच सिस्टर थोरांनी त्याला दारात गाठले. हातात पावाचा तुकडा होता.

‘‘अहो, खाऊन जा ना. कुणी बघत नाहीये.’’

‘‘बिल्ला नाही माझ्याकडे.’’

‘‘मग सोमवारी उभे राहा, दोन शब्द बोला. टोबी तर दोन बादल्या बोलतो.’’

‘‘मला नाही बोलता येत तसं.’’

‘‘मग येता कशाला रोज, एवढ्या बर्फातून?’’

तौनोने माझ्याकडे हात केला. ‘‘पेटी ऐकायला.’’

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या भात्यात वारा मावेना. इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्यासाठी आले होते! मी रोज बाराची वाट पाहू लागले. त्याची कललेली सावली दारात दिसली की माझे सगळे सूर सरसावून बसत. मी त्याच्यासाठीच गाई. आणि आता जे सांगते ते सांगताना मला लाज वाटते. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, ते मला दिसले नाही. सिस्टर थोरांना दिसले. त्या एकदा माझ्यावरची धूळ पुसताना स्वतःशीच पुटपुटल्या, ‘‘कमरेच्या पट्ट्याला तिसरं भोक पाडलंय त्या माणसानं.’’ मी ऐकले आणि विसरूनही गेले. मला ऐकणारा हवा होता. तो जेवलेला आहे की उपाशी, हे मी कधी विचारलेच नाही.

फेब्रुवारीतला एक सोमवार. ब्रदर त्या दिवशी खरेपणावर बोलले, आणि फार चांगले बोलले. खोटे हे पहिले पाप, बाकीची पापे त्याच्याच बोटाला धरून घरात येतात, असे काहीसे. मग साक्षी. टोबी बाराव्यांदा तारला गेला. आणि मग शेवटच्या बाकावरून तौनो उठला. ब्रदरचा चेहरा असा उजळला की बस्स. पाच आठवडे ते याच दिवसाची वाट पाहत होते.

‘‘बोला, भाऊ! मोकळेपणानं बोला.’’

तौनो टोपी हातात फिरवत राहिला. ‘‘माझा देवावर विश्वास नाही,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या बायकोचा होता. हिल्माचा. दर रविवारी ती देवळात जाऊन ही गाणी म्हणायची आणि मी बाहेर घोडा धरून उभा राहायचो. एकवीस वर्षं. आत कधी गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता बाहेर उभं राहवत नाही, म्हणून आत येऊन बसतो. एवढंच आहे. तुम्ही आज म्हणालात खोटं बोलू नये, म्हणून उठलो.’’

ब्रदरनी बिल्ला काढायला खिशाकडे नेलेला हात मागे घेतला.

‘‘ही साक्ष नव्हे, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा.’’

‘‘मी कुठे काय मागतोय?’’ तौनो म्हणाला आणि टोपी घालून निघाला. दाराशी त्याने चौकट धरली. जरा जास्तच वेळ धरली. मग गेला.

सिस्टर थोरा माझ्यापाशी शेवटच्या गाण्यासाठी येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझे झाकण लावले. कुलपात किल्ली फिरवली आणि ती एप्रनच्या खिशात टाकली.

‘‘हे काय?’’ ब्रदरनी विचारले.

‘‘साठ माणसं इथं बसतात. त्यातल्या एकानं तुमचं प्रवचन मनावर घेतलं आणि तोच उपाशी गेला. तो जेवेल तेव्हा मी वाजवेन.’’

‘‘सिस्टर, उद्या सगळेच म्हणतील, विश्वास नाही, सूप द्या.’’

‘‘म्हणू देत. निदान खरं बोलतील. तुम्हाला तेच हवंय ना?’’

आणि त्या पातेल्याकडे निघून गेल्या.

तीन दिवस मी मुकी होते. ब्रदर एकट्याने गाणे सुरू करीत. देवाने त्यांना सगळे दिले होते, सूर तेवढा द्यायचा राहिला होता. ते एका उंचीवर सुरू करीत, बाक दुसऱ्या उंचीवर धरीत आणि टोबी तिसरीच पकडी. लोक गालातल्या गालात हसत. मी झाकणाखाली अंधारात बसून विचार करी. पहिल्यांदाच मी तौनोच्या पट्ट्यातली भोके मनात मोजली. एरवी बाराला दार उघडताच येणारा तौनो मंगळवारीही आला, बराच वेळ बसला, पेटी वाजली नाही तसा उठून गेला. बुधवारी आलाच नाही. गुरुवारी उशिरा आला, पण बाकावर बसता बसता एका बाजूला कलंडला. बाजूच्या माणसांनी त्याला धरून बसवले.

सिस्टर थोरा धावत बाहेर आल्या. हातात वाफाळलेला वाडगा. तो त्यांनी त्याच्या तोंडाशी नेला. तौनोने मान फिरवली.

‘‘बिल्ला...’’ तो म्हणाला. आवाज कसाबसा निघत होता.

‘‘चुलीत गेला बिल्ला! दोघे एका माळेचे मणी आहात, तुम्ही आणि ब्रदर!’’ सिस्टर रडत होत्या आणि रागावतही होत्या.

ब्रदर चौथऱ्यावरून उतरले. सगळे दालन ओलांडून त्याच्याजवळ बाकावर जाऊन बसले आणि सिस्टरांच्या हातातला वाडगा त्यांनी आपल्या हातात घेतला. मग बोलू लागले. मोठ्याने नाही, पण दालन इतके शांत होते की मला झाकणाखालून शब्दन्‌शब्द ऐकू आला.

‘‘बावीस वर्षांपूर्वी शिकागोत मी असाच एका बाकावर बसलो होतो. चार दिवसांचा उपाशी. त्यांनी विचारलं, साक्ष कोण देतं? मी उठलो. म्हणालो, देवानं मला स्पर्श केला. कसला स्पर्श न्‌ कसलं काय! मला आतल्या घेवड्याचा वास येत होता. एका ताटलीसाठी मी देवाच्या नावानं खोटं बोललो. देव मला भेटला तो सात वर्षांनी, पोट भरलेलं असताना. पण ते पहिलं खोटं मी कुणाला सांगितलं नाही. आणि तेच खोटं मी इथं दर सोमवारी सगळ्यांकडून वसूल करतोय.’’ त्यांनी वाडग्यात चमचा फिरवला. ‘‘तुम्ही ते दिलं नाहीत. माझ्या मिशनमधली पहिली खरी साक्ष तुमची, आणि मी तुम्हाला दार दाखवलं. मला क्षमा करा.’’

तौनोने त्यांच्याकडे पाहिले. मग वाडग्याकडे.

‘‘खाण्याआधी काही म्हणावं लागेल?’’

‘‘नाही.’’

‘‘आमेनसुद्धा नाही?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग द्या इकडे. गार होतंय.’’

ब्रदरनी त्याला चमच्याने भरवले. सिस्टर थोरांनी घाईघाईने माझे कुलूप उघडले, पण ब्रदरनी मागे वळून हात वर केला. ‘‘आधी सगळ्यांना वाढा. ज्याला थांबायचं तो नंतर थांबेल.’’

‘‘ब्रदर, मग माझी साक्ष?’’ टोबी घाबरून उठला. ‘‘मी पुढच्या सोमवारची तयार केलीय!’’

‘‘ठेव तुझ्यापाशी. खरी झाली की आण.’’

सूप झाले. लोकांनी तोंडे पुसली, टोप्या घातल्या आणि भराभर निघाले. एवढे लोक एवढ्या झटपट जाऊ शकतात, हे मला ठाऊक नव्हते. साठांपैकी सात उरले. चौथऱ्यावरून मी ते रिकामे बाक पाहत होते आणि मला कळत होते, की इतकी वर्षे या बाकांवर माझे असे कुणीच नव्हते. सात माणसे. बरे, सात तर सात. सिस्टर थोरांनी फळ्यांवर पाय ठेवले. त्यांनी संथ लयीचे एक जुने गाणे घेतले. पहिली ओळ झाली, दुसरी आली आणि माझा खड्डा आला. एकतिसावी पट्टी खाली गेली, नुसता वारा निघाला.

आणि शेवटच्या बाकावरून तो सूर आला.

तौनो शब्द म्हणत नव्हता, ओठ मिटलेले होते. नेमक्या त्या जागी तो घोगऱ्या आवाजात तेवढा एकच सूर गुणगुणला. पुढच्या ओळीत पट्टी पुन्हा आली आणि तो पुन्हा गुणगुणला. एकवीस वर्षे बाहेर घोडा धरून उभ्या राहिलेल्या माणसाला ते गाणे पाठ होते. उपाशी होता तेव्हा माझ्यातली उणीव त्याला ऐकू येत होती, पण ती भरायला छातीत दम नव्हता. सिस्टर थोरांची बोटे क्षणभर अडखळली, मग सावरली. मी त्या दिवशी जशी गायले तशी पुन्हा कधी गायले नाही.

पाटी ब्रदरनी स्वतः उतरवली. ते प्रवचन देत राहिले, पत्रे लिहीत राहिले, माणसांना हात धरून खरे बोलायला, आंघोळ करायला, घरी कळवायला शिकवत राहिले. फक्त आता ते वाडगा हातात दिल्यावर शिकवत, आणि खाणाऱ्याच्या शेजारी बसून. सातांचे बारा झाले, कधी वीस. त्याहून जास्त नाही. टोबी क्रेन का कोण जाणे, थांबत असे. वर्षभराने एके दिवशी कुणी न विचारता तो उभा राहिला. या खेपेला अश्रू नव्हते. त्याने खिशातून एक मोजा काढून माझ्यावर उलटा केला. आतून मिशनचे आठ चमचे पडले.

‘‘हे माझ्याकडे होते,’’ तो म्हणाला आणि बसला. ब्रदर प्रवचन तिथेच सोडून ते चमचे गोळा करू लागले.

तौनो सहा हिवाळे आला. मिशनचे बाक दुरुस्त करी, शेगडीला लाकडे फोडी आणि दुपारी माझा सूर भरी. विश्वास बसला का, हे त्याला ब्रदरनी कधी विचारले नाही. सातव्या हिवाळ्यात शेवटचा बाक रिकामा राहिला. पुढे पेट्या दुरुस्त करणारा एकजण आला होता. त्याने माझी पाठ उघडून पाहिली आणि म्हणाला, ‘‘हा सूर पाच मिनिटांत सरळ करतो.’’

‘‘नको,’’ सिस्टर थोरा म्हणाल्या. ‘‘ती जागा दिलेली आहे.’’

मग ब्रदर गेले, सिस्टर गेल्या. मिशन बंद झाले. आता याच दालनात गरजूंना किराणा वाटतात. मिसेस विक नावाच्या बाई ते पाहतात. भल्या आहेत. येणाऱ्याला म्हणतात, ‘‘नाव नको, कागद नको, पिशवी घ्या हं.’’ कुणाला खोटे बोलावे लागत नाही, हे पाहून मला बरे वाटते. पण बाक काढून टाकले आहेत. लोक रांगेने येतात, पिशवी घेतात आणि मान खाली घालून निघून जातात. कुणी कुणाच्या शेजारी बसत नाही. पूर्वी इथे माणसाकडून फार मागत. आता काहीच मागत नाहीत, आणि काही सांगतही नाहीत.

परवा एका म्हातारीचा पाय रांगेत उभ्या उभ्या माझ्या फळीवर पडला. माझ्या फाटक्या भात्यातून एक उसासा निघाला. ती दचकली, इकडेतिकडे पाहिले आणि पुढे सरकली. तिच्या पट्ट्यालाही जादा भोके होती. या वेळी मी मोजली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असे सांगून मी निरोप घेणार नाही. उपाशी माणसाला आधी वाढा, काही न विचारता वाढा. पण वाढून झाले की लगेच उठू नका. शेजारी बसा. त्याला तुम्ही काय शिकवाल, तो तुम्हाला काय शिकवेल, ते त्यानंतर. आणि कधी या दालनात आलात तर माझ्यावरचे डबे थोडे बाजूला करा, भात्याला एक ठिगळ लावा आणि वाजवून बघा. एकतिसाव्या पट्टीवर मी थांबेन. ती मला वाजवता येत नाही.